जलपर्णी ओढण्याआधी खालच्या अंगाला दोर बांधा

पवना नदीवर दर रविवारी जलपर्णी काढतो. तीन तास ओढायची, आणि पुढच्या रविवारी पुलाखाली हिरवी चादर पुन्हा हजर. ओढताना तुटलेली पिल्लं, म्हणजे जलपर्णीची छोटी रोपं, वाहत जाऊन तिथेच अडकत होती.

आता असं करतो:

१. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून नायलॉनच्या दोराला हातभर अंतरावर बांधायचे. कॅन हॉटेलवाले फुकट देतात.

२. हा दोर काम सुरू करण्याआधी, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, नदीवर तिरका ताणायचा. सरळ ताणला की सगळं मध्यात साचतं. तिरका असला की तुकडे आपसूक एका काठाला येतात. तिथे जाळीची टोपली घेऊन एक माणूस पुरे.

३. काढलेली जलपर्णी लगेच टेम्पोत भरू नका. मुळं वर करून दोन दिवस उन्हात टाका. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं तिच्यात. आमच्या टेम्पोच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

ढीग मात्र पाण्यापासून चांगला वर घाला. धरणातून पाणी सोडलं की काठावरचं सगळं परत नदीत जातं. आमचं एकदा गेलंय.