घरात फॉलइन नसतो

तोफखान्यात 24 वर्षं काढून भगूरला घरी आलो आणि दुसऱ्याच महिन्यात मुलाचे बूट अंगणात भिरकावले. का, तर ते फॉलइनला उभ्या जवानांसारखे ओळीत नव्हते. झोप उडालेली, पहाटे 4 पासून ओट्यावर बसून. एका डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. तुम्हीही फौजेतून घरी आला असाल, तर तुमचं तसं होऊ नये म्हणून सांगतो.

मोठ्या बदलानंतर साधारण 3 महिन्यांच्या आत चिडचिड, उदासी सुरू झाली आणि घराला, कामाला त्याची झळ लागली, तर तो समायोजन विकार असू शकतो. वेड नव्हे. पण स्फोटाची दृश्यं, गेलेला साथीदार जवान पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. पहिल्याच भेटीत बोला. ईसीएचएस पॉलिक्लिनिकला (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात) गेलात की 'झोप नाही' एवढ्यावर थांबू नका, बुटांचंही सांगा. लाज वाटते? आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे. जीव द्यावासा वाटला तर तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री घरच्यांना उठवा.

थेरपी म्हणजे आडवं पडून बालपण सांगायचं, असं मला वाटायचं. थेरपीवाल्या मॅडमनी वही दिली. लॉगबुकच म्हणा: काय झालं, मनात काय आलं, काय केलं. माझी पहिली नोंद: "मंगळवार, सकाळी 7. मुलगा उठला नाही. हुकूम मोडला. ओरडलो." मॅडमनी विचारलं, "हुकूम दिला कोणी होता?" मी गप्प.

दिवस मोकळा सोडू नका. ब्रिटिशांच्या काळी परतीच्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत बसून राहायचे. डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलाली' म्हणतात ते त्यावरूनच! मी सकाळी दारणा नदीपर्यंत चालतो, दुपारी मेव्हण्याच्या द्राक्षबागेत. रात्री वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. कॅन्टीनची दारूची बाटली झोपेसाठी नको, मध्यरात्री तीच जागं करते.

एका भेटीला बायकोला न्याच. माझी तिथे म्हणाली, "इतकी वर्षं घर मी चालवलं, हे आल्या आल्या चार्ज मागतात." मग तिथेच वाटणी झाली: सिलिंडर आणि वीजबिल माझ्याकडे, बाकी चार्ज तिचाच.