नागपूरच्या स्वयंसेवक दलाच्या सामग्रीचा पैसा कसा शोधावा

पहिल्या महायुद्धात नागपूरच्या गोऱ्या स्वयंसेवक दलाच्या साधनसामग्रीला पैसा कुठून आला, याचा शोध घेणाऱ्याने आधी दलाचे नाव पक्के करावे. ‘नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स’ हे नाव १९१७ पर्यंत चालते. त्या वर्षीच्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवेची सक्ती आली आणि जुनी पथके नव्या दलात सामावली गेली. १९२० नंतर हेच दल ऑक्झिलिअरी फोर्स या साहाय्यक लष्करी दलात ‘नागपूर रायफल्स’ म्हणून सापडते. एकच नाव धरून अभिलेखागाराची सूची चाळली, तर मधली वर्षे कोरी दिसतात.

पुढे खर्चाचे वाटे वेगळे करावेत. बंदुका आणि ठरावीक दारूगोळा सरकार देई. शिवाय नेमून दिलेली कवायत व नेमबाजी पुरी करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकामागे दलाला अनुदान मिळे. तेवढ्यात न भागलेल्या खर्चाची तोंडमिळवणी वर्गणी आणि देणग्यांतून होई. त्यामुळे कवायतीचा हजेरीपट हाच जमेचा पहिला कागद मानावा. तो बाजूला ठेवून केवळ देणगीदारांच्या याद्यांवर विसंबणे ही या विषयातली नेहमीची गफलत आहे. १९१७ चे युद्धकर्ज मात्र या हिशेबात धरू नये. हिंदुस्थानने ब्रिटनला देऊ केलेल्या दहा कोटी पौंडांसाठी ते उभारले होते, स्थानिक दलासाठी नव्हे.

प्रांतिक कागद पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात पाहावेत, लष्करी खात्याचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दिल्लीची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. १९११ मध्ये सुरू झालेल्या ‘हितवाद’ या वृत्तपत्राचे जुने अंक मिळाले तर तेही पाहावेत, पण देणगीची कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवावेत. सभेत आकडा पुकारणे सोपे असते.

पौंडांचे रुपये करताना वर्ष पाहावे. १९१४ मध्ये पौंडाला १५ रुपये पडत. दुसऱ्या महायुद्धात, रुपयाला १८ पेन्स या दराने, १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या काळी एका स्पिटफायर लढाऊ विमानासाठी देणगी म्हणून ठरवलेले ५,००० पौंड या हिशेबाने सुमारे ६६,६६७ रुपये होतात, तर जुन्या दराने तोच आकडा ७५,००० वर जातो.