नाताळची सजावट पर्यावरणपूरक करताय? या चुका टाळा

२ जानेवारीला सकाळी नाशिकच्या जेलरोडवर घंटागाडीपाशी उभं राहिलं की नाताळ कसा गेला ते दिसतं. थर्मोकोलचा चुरा, चंदेरी झालरी, एका बाजूनं फाटलेल्या चांदण्या. गेली काही वर्षं त्यात ‘इको-फ्रेंडली’ असं छापलेल्या वस्तूही दिसू लागल्यात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विकत घेतल्या, तीन आठवड्यांत कचऱ्यात गेल्या. आमच्या घरी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, माझ्या लहानपणापासून मांडतो आणि खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका आम्हीही केल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरातलं जुनं प्लास्टिकचं झाड टाकून देऊन ‘नैसर्गिक’ काहीतरी नवं आणणं. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशोबानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार असतो. तो भार झाड बनलं तेव्हाच पडून गेलेला आहे, आता फेकून परत येत नाही. झाड पंधरा वर्षं वापरलं तर तोच भार पंधरा नाताळांत वाटला जातो. पानं विरळ झाली असतील तर विरळ बाजू भिंतीकडे करा. स्टँड मोडला असेल तर वाळू भरलेल्या डब्यात किंवा कुंडीत बुंधा रोवा. झाड नसेलच, तर मात्र प्लास्टिकचं नवं घेऊ नका.

मग कुंडीतलं खरं झाड? नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. चांगलं झाड आहे, पण लोक ते १ डिसेंबरला आणून टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात आणि महिनाभर रोज पाणी घालतात. आमचं पहिलं झाड असंच गेलं. खालच्या फांद्या आधी पिवळ्या, मग तपकिरी झाल्या आणि गळाल्या. अरोकेरियाची गळालेली फांदी त्या जागी पुन्हा फुटत नाही, म्हणून नुकसान कायमचं असतं. झाड गॅलरीत, भरपूर उजेडात राहू द्या. २० तारखेच्या सुमारास आत आणा, तेही पूर्वेच्या खिडकीजवळ, आणि आठ-दहा दिवसांत परत बाहेर न्या. बोट खुपसून वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी. शेंडा कधीच छाटू नका, झाडाचा डौल बिघडतो. सजावट कागदाची, हलकी. काचेच्या गोळ्यांनी कोवळ्या फांद्या वाकतात आणि सोनेरी स्प्रे मारला की पानांना श्वास घेता येत नाही.

याच झाडाबाबत एक चूक फार चांगल्या मनानं केली जाते. जानेवारीत ते पांडवलेणीच्या किंवा चामरलेणीच्या डोंगरावर नेऊन लावतात. मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांकडचं झाड, जूनपर्यंत पावसाचा थेंब नाही, पाणी घालायला कोणी नाही. ते मरतं. बंगल्याच्या अंगणात विजेच्या तारांखाली लावलं तर उलटी अडचण होते, कारण ते ताडामाडासारखं उंच जातं. कुंडीतच ठेवा, दोन-तीन वर्षांनी कुंडी मोठी करा. आणि रस्त्याकडेच्या सुरूच्या फांद्या तोडून आणू नका. शहरातल्या झाडांना १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

चांदणीसाठी तर बाजारात जायचीही गरज नाही. दिवाळीचा कामट्यांचा आकाशकंदील आत्ताच माळ्यावर चढवलेला असतो आणि आपण प्लास्टिकची चांदणी शोधत हिंडतो! कंदिलाचा जुना कागद सोडवा, सांगाड्यावर पाच टोकं बांधा आणि पतंगाचा कागद लावा. संक्रांत जवळ आल्यामुळे डिसेंबरात हा कागद सहज मिळतो. आपल्या जिल्ह्यातलं येवला तर पतंग आणि आसारीसाठी (मांजा गुंडाळायच्या फिरकीसाठी) ओळखलं जातं.

कागदाला सुरकुत्या पडतात ही नेहमीची तक्रार. खळ पातळ असते किंवा ती कागदाला लावलेली असते. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घेऊन दाट होईपर्यंत शिजवा, चिमूटभर तुरटी टाका म्हणजे लवकर बुरशी धरणार नाही, आणि खळ फक्त कामटीला लावा. दुसरी तक्रार, सकाळी चांदणी लोंबलेली दिसते. हे नाशिकचं दव आहे. थंडी दहा अंशांच्या खाली उतरली की पहाटे कागद ओलसर होतो, सैलावतो आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला फाटतो. चांदणी छज्जाखाली टांगा. आत तीन-पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको.

गव्हाणीसाठी थर्मोकोल अजूनही चोरून विकला जातो. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. गोठ्याला खोकं, गोणपाट, वाळलेलं गवत छान दिसतं. कापसाचा बर्फ करणार असाल तर मेणबत्ती त्याच्या जवळपास ठेवू नका, कापूस क्षणात पेट घेतो. खरं तर बेथलेहेमच्या गोठ्याला बर्फ हवाच असं नाही. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसनं गव्हाणी मांडली तेव्हा खरं गवत होतं, बैल होता, गाढव होतं.

गोठ्यापुढचं हिरवं रान मात्र जरूर करा. इथे चूक होते ती दिवसांच्या हिशोबात. घटस्थापनेला गहू तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतो, म्हणून लोक नाताळसाठी १९-२० तारखेला पेरतात आणि २४च्या रात्री येशूबाळाभोवती नुसती माती असते. डिसेंबरच्या थंडीत कोंब यायलाच वेळ लागतो. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा आणि १२-१३ तारखेला पसरट थाळीत पेरा. दिवसा उन्हात, रात्री घरात. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालं किंवा दाणे एकावर एक पडले. पाणी शिंपडून द्या, ओतू नका.

दारावरच्या हाराचं रिंगण द्राक्षाच्या काड्यांचं करा, आपल्याकडे त्यांची काय कमी! फक्त डिसेंबरात मागायला गेलात तर हातात येतात त्या ऑक्टोबर छाटणीच्या कडक वाळलेल्या काड्या, वाकवल्या की कडकन मोडतात. त्या रात्रभर पिंपात बुडवून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे दिंडोरी-निफाडकडे कुणी ओळखीचं असेल तर छाटणीच्याच आठवड्यात ओल्या काड्या आणून रिंगण वळून ठेवायचं. काड्यांवर फवारणीचा अंश असतो, निळसर डाग बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे असतात. हातमोजे घालून नीट धुवा, हे रिंगण जेवणाच्या टेबलावर ठेवू नका आणि नंतर शेकोटीतही टाकू नका.

पॉइन्सेटियाची पानं दुसऱ्या वर्षी लाल होत नाहीत, कारण त्याला ऑक्टोबरपासून रोज चौदाएक तासांचा सलग अंधार लागतो. गॅलरीतली दिव्यांची माळ किंवा रस्त्यावरचा दिवा तो अंधार मोडतो. आठ आठवडे संध्याकाळी कुंडी खोक्यानं झाका, सकाळी खोकं काढा. कडाक्याच्या रात्री कुंडी आत घ्या.

भेटवस्तूंचा कागद मुठीत चुरगाळून पाहा. सोडल्यावर उलगडत असेल तर त्यात प्लास्टिक आहे, रद्दीत घालू नका. चमकी तर आणूच नका, तीही बहुतेक प्लास्टिकचाच चुरा असते.

माळ बंद पडली की नवी घेऊ नका. सगळीच बंद असेल तर बहुधा बटणाची डबी गेलेली असते, अर्धीच असेल तर कुठेतरी तार तुटलेली. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा दोन्ही कामं करून देतो.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गव्हाणी उतरवा. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, मातीची चित्रं जुन्या सुती कपड्यात बांधा, गव्हाचं रान गाईला घाला. चांदणीचा फाटका कागद काढून कामट्या पुसून ठेवा, दिवाळीला लागतील. आणि संक्रांतीपूर्वी पतंगाच्या कागदाचे चार ताव जास्तीचे घेऊन ठेवा, पुढच्या दिवाळीत तो मिळायला जड जातं.