ज्येष्ठमध घरी वापरायचा, तर असा

घसा खवखवला की ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरतात, त्यात वावगं काही नाही. घोळ होतो तो "आयुर्वेदिकच आहे, रोज घेतला तर काय बिघडतं?" इथे. बिघडतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम रोखतं. मग शरीर मीठ-पाणी साठवू लागतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि रक्तदाब चढतो.

म्हणून आधी स्वतःकडे पाहा. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असेल, गरोदर असाल, तर नकोच. लघवी होण्याच्या गोळ्या, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध), वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), स्टेरॉइड यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाळगुटीत ज्येष्ठमधाचे वेढे देण्याची रीत आहे खरी, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजींची नाराजी पत्करा.

विकत घेताना पूड टाळा, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. कांड्या घ्या. एक मोडून पाहा: आतून पिवळी, रेषाळ, चघळल्यावर गोड. बुरसट वास आला किंवा किडीची भोकं दिसली तर परत करा.

आता मात्रा, कारण खरी मेख इथेच आहे. आपल्या आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे. युरोपात ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. ज्येष्ठमधाच्या मुळीत (कांडी म्हणजे मूळच) ते ४ टक्के असेल, तर ३ ग्रॅम चूर्णातच १२० मिलिग्रॅम झालं, आणि दर मुळागणिक हे प्रमाण बदलतं. तेव्हा घरच्या घरी दिवसाला १ ग्रॅमवर थांबलेलं बरं. अंदाजाने नको, एकदा काट्यावर मोजून बघा.

तेवढी कांडी ठेचून कपभर पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं मंद उकळा, गाळा, कोमट प्या. नुसता घसाच बसला असेल तर याच पाण्याच्या गुळण्या करून थुंका, पोटात कमी जातं. तीन-चार दिवसांत आराम पडला की बंद. आठवडा झाला तरी खोकला हटत नसेल तर काढा वाढवू नका, डॉक्टर गाठा.

खोकल्याचं औषध, चघळायच्या गोळ्या, हर्बल चहा यांची लेबलंही वाचा. यष्टिमधु, मुलेठी, लिकरिस म्हणजे तोच, तोही हिशेबात धरा. मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक बांधकाम मजूर काही आठवडे रोज दीड पाकीट लिकरिसच्या गोळ्या खात होता. पोटॅशियम घसरलं, हृदय बंद पडलं, तो दगावला. २०२० मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

घोट्यांना सूज, डोकेदुखी, पायात गोळे, धडधड, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काही जाणवलं तर लगेच थांबा. डॉक्टरांना ज्येष्ठमध घेत होतो हे स्वतःहून सांगा, ते रक्तातलं पोटॅशियम तपासतील. परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, तोवर रक्तदाब मोजत राहा.