टाच, घोटा, नखे आणि मधुमेहाचा पाय: पायांच्या दुखण्यात या चुका टाळा

पायाची तक्रार आपण बहुतेक वेळा एकाच मापाने मोजतो, ते म्हणजे दुखते किती. फार दुखले तर हाड मोडले असणार, थोडे दुखले तर मुका मार, दुखायचे थांबले की उपचारही थांबले, आणि दुखतच नसेल तर काळजीचे कारण नाही, असा हा ठोकताळा आहे. पायाच्या बाबतीत तो वारंवार फसतो, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ त्याच्यातच आहे.

टाचेचे ‘वाढलेले हाड’

सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, स्वयंपाकघरापर्यंत जाईतो ती थोडी ओसरते, आणि दुपारी बराच वेळ बसून उठले की पुन्हा तीच कळ येते. हे वर्णन इतके ठरावीक आहे की निदानासाठी अनेकदा तेवढेच पुरते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो; त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तो टाचेला जिथे चिकटलेला असतो तिथे वर्षानुवर्षे ताण पडून त्याची झीज होते. रात्रभर तो आखडून राहतो आणि पहिल्या पावलासरशी एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सर्वांत वाईट असते.

पुढे एक्स-रे काढला जातो, त्यात टाचेखाली चोचीसारखे एक टोक दिसते आणि घरात ‘हाड वाढले आहे’ असे जाहीर होते. पहिली चूक इथेच होते. असे टोक टाच कधीही न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्ये दिसते, आणि टाचेने हैराण झालेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये ते नसते. त्यामुळे ते टोक कापून काढणारा डॉक्टर शोधत फिरणे, किंवा ते ‘विरघळवणारे’ औषध घेत राहणे, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

माझ्या लहानपणी आमच्या घरी चुलीत वीट तापवून, तिच्यावर रुईची पाने अंथरून, त्यांवर टाच दाबून शेकण्याची पद्धत होती. पाने चुरचुरत, त्यांचा हिरवट, कडसर वास घरभर सुटे, आणि आजीला घटकाभर बरे वाटे. शेकाने आराम पडतो हे खरेच आहे. परंतु शेकून झाल्यावर आजी त्याच अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर उभी राहून सगळ्या घराचे जेवण करीत असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच पुन्हा तिथेच असे. शेकाने दुखणे कमी झाले तरी पट्ट्यावरचा ताण कमी झालेला नसतो.

आपल्याकडे पादत्राणांविषयीचा सल्ला बहुधा उंबऱ्यावरच संपतो, कारण चपला दाराबाहेर राहतात. बाहेर जाण्यासाठी चांगले बूट घेतलेली व्यक्तीही उरलेला दिवस टाइल्सवर अनवाणी वावरते. ओट्यापाशी उभे राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे तासन्‌तास चालते. टाच दुखत असेल तर केवळ घरात वापरण्यासाठी मऊ तळाची, टाचेकडे किंचित उंच असलेली वेगळी चप्पल ठेवावी, आणि पहिले पाऊल तिच्यातच पडावे म्हणून रात्री ती पलंगाशेजारी ठेवूनच झोपावे. अगदी सपाट आणि कडक तळाची चप्पल, मग ती कोल्हापुरी का असेना, या काळात बाजूला ठेवावी.

मुख्य उपचार व्यायामाचा आहे आणि तो पलंगावरच सुरू होतो. उठून बसावे, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पायाची सर्व बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पट्टा तारेसारखा ताठ झाला आहे की नाही ते पाहावे. असा ताण १० सेकंद धरून १० वेळा द्यावा. दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप पाय जमिनीला लावण्यापूर्वी. जोडीला पोटरीचा ताण हवा: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे न्यावा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून ३० सेकंद थांबावे. संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटे फिरवल्यानेही आराम मिळतो.

हे सारे कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच पुढची चूक घडते. तीन आठवड्यांत दुखणे निम्म्यावर येते, व्यायाम सुटतो, आणि दोन महिन्यांनी टाच पुन्हा बोलू लागते. दहांपैकी आठ-नऊ जण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात, मात्र त्याला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. घाई झालेले लोक स्टेरॉइडच्या इंजेक्शनकडे वळतात. एखाद्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला उतार पडतो, परंतु तीच सुई पुन्हापुन्हा घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो, आणि ती गादी पुन्हा भरून येत नाही. बरेच महिने फरक न पडल्यास शॉकवेव्हसारखे (यंत्राने बाहेरून ध्वनिलहरींचे झटके देण्याचे) उपचार आहेत; शस्त्रक्रिया अगदी शेवटी येते.

टाचेतली प्रत्येक कळ मात्र या पट्ट्याची नसते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तरुण वयात दोन्ही टाचा दुखून त्यांच्या जोडीला सकाळी कंबर तासभर आखडत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा तळव्याला येणारा बधिरपणाही घरच्या व्यायामावर सोडून देऊ नये.

मुरगळलेला घोटा

एसटीतून उतरताना पाऊल वाकडे पडते, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज येते, आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणते, “चालता येतंय ना? मग मोडलेलं नाही.” हाड मोडूनही काही जण लंगडत घरी पोहोचतात, आणि नुसता अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा, ताणलेले काही जण पाऊलही टेकू शकत नाहीत. हा घोळ सोडवण्यासाठी कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने हाड दाबून पाहावे. त्याखेरीज पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या रेषेत, जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाडही दाबावे. यांपैकी कोठेही हाडावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी असते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना मात्र हे नियम लावू नयेत, कारण त्यांचे हाड दाबून काहीच कळत नाही.

दुसरी चूक चोळण्याची. शीर ‘जागेवर बसवण्यासाठी’ घोटा तेल लावून रगडला जातो, मग कडकडीत पाण्याचा शेक दिला जातो, आणि सूज दुप्पट होते. अस्थिबंधाचे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या नुकत्याच फाटलेल्या असताना चोळणे आणि शेकणे या दोन्हींमुळे आतला रक्तस्राव वाढतो. पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळावे, बसताना आणि झोपताना पाय छातीपेक्षा उंच ठेवावा, आणि दुखत असल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. आंबेहळदीच्या लेपाने नुकसान होत नाही. तो लावण्यासाठी पाय दाबू नये एवढेच.

याउलट महिनाभर पलंगावर पडून राहणे किंवा साध्या मुरगळीला दीड महिन्याचे प्लास्टर मागून घेणे हीदेखील चूकच आहे. सोसेल तितका भार देत, कुबडी किंवा घोट्याचा पट्टा वापरून, काही दिवसांतच चालायला सुरुवात केलेली बरी. पाऊल वर-खाली आणि आत-बाहेर फिरवणे तर सूज असतानाच सुरू करता येते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष यानंतर होते. सूज उतरते, दुखणे थांबते, माणूस कामाला लागतो आणि तीन महिन्यांनी तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अस्थिबंध फाटतो तेव्हा पाऊल वाकडे पडते आहे याची आगाऊ सूचना देणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा होते, आणि ती सवय पायाला नव्याने लावावी लागते. रोज दात घासताना एका पायावर उभे राहावे. ते जमू लागले की डोळे मिटून, आणि मग उशीवर. दोन-तीन महिने हे केल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका बराच कमी होतो. एवढे करूनही घोटा सतत दगा देत असेल तरच अस्थिबंध शिवण्याचा विचार करतात.

एक दुखापत मात्र मुरगळ समजून हमखास निसटते. बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, वळून पाहावे तर मागे कोणीच नसते. हे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटल्याचे लक्षण आहे. चालता येते, फारसे दुखतही नाही, म्हणून दिवस जातात. पालथे झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हलले नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. प्लास्टर आणि शस्त्रक्रिया हे दोन्ही मार्ग सुरुवातीच्या दिवसांतच नीट साधतात.

ब्लेड, बिब्बा आणि मिश्र मलम

कुरूप म्हणजे एकाच जागी दाब पडून घट्ट झालेली कातडी. ते ब्लेडने कोरून काढल्यास महिनाभराने परत येते, कारण दाब तिथेच असतो. चप्पल बदलल्याखेरीज किंवा तिथे मऊ गादी लावल्याखेरीज ते हटत नाही. भेगांवर आणि कुरुपावर बिब्बा लावण्याची जुनी चाल तर सोडूनच द्यावी. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते, आणि बिब्बा उतला की टाचेच्या भेगेऐवजी पायभर फोड येतात. भेगांना रात्री पाय भिजवून, पुसून, युरिया असलेले मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली चोपडावी आणि वर मोजे घालावेत. तळकोकणात ज्याला मुठेल आणि गोव्यात भिरंडेल म्हणतात ते कोकमाचे तेलही या कामी उत्तम आहे.

अंगठ्याचे नख कोपऱ्यात गोल कापल्याने ते मांसात रुतते. नख सरळ रेषेत कापावे; पू झाल्यास कोपरा स्वतः खणू नये, डॉक्टर जागा बधिर करून नखाची तेवढीच कड काढून टाकतात.

पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात किंवा ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्यांना चिखल्या होतात. त्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणले की दोन दिवसांत खाज थांबते, मलम बंद होते आणि बुरशी अधिक जोमाने पसरते. नुसते बुरशीविरोधी मलम घ्यावे आणि कातडी साफ दिसू लागल्यावरही सांगितलेली मुदत पूर्ण होईपर्यंत ते लावत राहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्याशिवाय कोणतेही मलम टिकत नाही.

जो पाय दुखत नाही

आमच्या नात्यातल्या एका काकांना संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. ठशांचा माग काढत गेले तर ते त्यांच्याच पावलांचे निघाले. चपलेतून वर आलेला बारीक खिळा त्यांच्या तळव्यात सकाळपासून टोचत होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळव्याची संवेदना हळूहळू नाहीशी झाली होती. दुखत नव्हते म्हणून त्यांनी त्या जखमेवर हळद भरली आणि ते रोजच्यासारखे फिरायला गेले.

त्यांची खरी चूक चालत राहणे ही होती. तळव्याची जखम केवळ अँटिबायोटिकने आणि मलमपट्टीने भरत नाही. तिच्यावरचा भार काढावा लागतो. त्यासाठी विशेष प्लास्टर किंवा बूट देतात. दुखणाऱ्या पायाचा माणूस आपोआप लंगडतो आणि भार टाळतो, पण बधिर पायाचा माणूस जखमेवर हजारो पावले टाकतो.

अशा पायाला गरम वीट, गरम पाण्याची पिशवी आणि कुरुपाच्या आम्ल असलेल्या पट्ट्या वर्ज्य आहेत. पाय धुण्याचे पाणी आधी कोपराने पाहावे. मलम तळव्याला लावावे, बेचक्यांत नाही. घरातही अनवाणी चालू नये, आणि देवळात वा आळंदीहून पंढरपूरच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर तर नाहीच. वारीला नवी कोरी पादत्राणेही नेऊ नयेत, आधी महिनाभर ती घालून चालावे. मधुमेही व्यक्तीचे पाऊल एकाएकी लाल, गरम आणि सुजलेले झाले, पण फारसे दुखत नसेल, तर ती मुरगळ किंवा युरिक अॅसिड समजून थांबू नये. आतली हाडे ढासळू लागल्याचे ते लक्षण असू शकते, आणि त्या काळात भार टाकल्यास तळव्याची कमान कायमची खचते.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना आणि बोटांनी पायाची नाडी तपासून घ्यावी. संवेदना कमी आढळल्यास एमसीआर, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाची, चप्पल सांगतात. ती संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मापून घ्यावी. मागे पट्टा असलेली असावी, म्हणजे ती पायातून नकळत निसटत नाही. पहिल्या दिवशी ती तासभरच घालावी, मग काढून आरसा जमिनीवर ठेवावा आणि त्यात दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. कोठे लाल डाग दिसला तर चप्पल परत नेऊन ती जागा मोकळी करून घ्यावी. डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन तास.