आरमध्ये तक्ते जोडताना कॉलम जुळत नाहीत? या चुका टाळा

आर ही आकडेवारीसाठी वापरली जाणारी प्रोग्रामिंग भाषा. माझ्याकडे तालुकागणिक हवामानाच्या सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरातले तक्ते) आल्या होत्या आणि सगळ्या एकाखाली एक जोडायच्या होत्या. आरमधलं ओळी जोडणारं आरबाइंड चालवलं, तर लाल अक्षरांत एरर: नावं आधीच्या नावांशी जुळत नाहीत. मग सगळे करतात तेच केलं, डीप्लायर या पॅकेजचं (आरला जोडायच्या तयार साधनांच्या संचाचं) बाइंड_रोज लावलं. एरर गेली, घोळ मात्र तसाच राहिला.

बाइंड_रोज नावं पाहून जोडतं आणि ज्या तक्त्यात कॉलम नसेल तिथे एनए, म्हणजे ‘माहिती नाही’ ही खूण, भरतं. कॉलम खरंच नाही की दुसऱ्या नावाने बसलाय, हे त्याला कळणार कसं? एका फाइलीत ‘पाऊस’, दुसरीत ‘पाऊस_मिमी’ असेल तर दोन अर्धेमुर्धे कॉलम तयार होतात, तेही गुपचूप. म्हणून जोडण्याआधी जॅनिटर पॅकेजमधलं कम्पेअर_डीएफ_कॉल्स चालवा. कुठल्या फाइलीत कुठला कॉलम आहे आणि त्याचा प्रकार काय, हे एकाच तक्त्यात दिसतं.

मराठी शीर्षकं असतील तर डोळ्यांवर विसंबू नका. माझ्याकडे ‘वाऱ्याचा वेग’ दोनदा आला. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण अक्षरचिन्हं मोजणारं एनकॅर एकाला १२ म्हणे, दुसऱ्याला १३. शीर्षकाच्या टोकाला चुकून स्पेस राहिली असेल म्हणून ती छाटणारं ट्रिमडब्ल्यूएस लावलं, फरक पडला नाही. यूटीएफ८टूइंटने अक्षरं सुटी करून त्यांचे युनिकोड क्रमांक पाहिले तेव्हा मधोमध ८२०५ दिसला. हा न दिसणारा जोडक. एका टायपिस्टने ऱ हे अक्षर वापरलं होतं, दुसऱ्याने साध्या र ला हलन्त लावून पुढे जोडक टाकला होता. र खाली नुक्ता दिलेला तिसरा प्रकारही सापडतो. तो स्ट्रिंगआय पॅकेजच्या एनएफसीने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणाऱ्या सोयीने) सुधारतो, जोडकवाला नाही. तो जीसबने, म्हणजे शोधून बदलायच्या फंक्शनने, स्वतः बदलावा लागतो. आता मी फाइल वाचली की लगेच कॉलमना माझी ठरलेली छोटी नावं देतो. मूळ शीर्षकांशी हुज्जत घालत बसत नाही.

डेटा.टेबल या दुसऱ्या पॅकेजच्या आरबाइंडलिस्टनेही तक्ते जोडता येतात, पण त्याचा धोका वेगळा. फिल (नसलेले कॉलम एनएने भर) किंवा यूज.नेम्स (नावं पाहून जोड) न सांगता चालवलं आणि कॉलमचा क्रम उलटसुलट असला, तर ते नुसती सूचना देतं आणि क्रमाने जोडून मोकळं होतं. तापमानाखाली आर्द्रता जाते. दोन्ही आकडेच, त्यामुळे पुढे कुठेच अडत नाही. यूज.नेम्स = ट्रू लिहायचा आळस करू नका.

सगळ्यात महागात पडला तो ‘निरंक’. पावसाच्या कॉलममध्ये कुणीतरी शून्याऐवजी निरंक लिहिलं की अख्खा कॉलम मजकूर होतो. बाइंड_रोज निदान आकडे आणि मजकूर एकत्र करायला नकार देतं. साधं आरबाइंड हूं की चूं न करता सगळ्याचा मजकूर करून टाकतं. मग आपण मजकुराचे आकडे करणारं अ‍ॅज.न्यूमेरिक लावतो आणि निरंकचा एनए होतो. पाच दिवसांचा पाऊस २०, निरंक, १०, निरंक, निरंक असेल तर सरासरी ६ मिमी. एनए गाळून काढली तर १५! निरंक म्हणजे ‘पाऊस नाही’, ‘नोंद नाही’ नव्हे. आधी त्याचं शून्य करा, मगच कॉलमचा प्रकार बदला. देवनागरी अंकांचंही तेच: अ‍ॅज.न्यूमेरिकला ‘१२’ वाचता येत नाही, आधी एका चिन्हाजागी दुसरं ठेवणाऱ्या कॅरटीआरने अंक बदलून घ्या.

जोडताना फाइलींच्या यादीला नावं देऊन बाइंड_रोजमध्ये .आयडी जरूर लिहा, म्हणजे प्रत्येक ओळ कुठून आली ते राहतं. मग फाइलवार एनए मोजा. एखादा कॉलम एका फाइलीपुरता शंभर टक्के रिकामा असेल तर ती फाइल उघडून बघायचीच. माझ्या मोजणीत अशा तीन निघाल्या. त्यातल्या दोन फाइली कॉलमच्या नावांच्या घोळामुळे तशा होत्या. तिसरी फाइल ज्या केंद्राची होती तिथे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्रच नव्हतं.