तुळसाबाई लक्षात राहिल्या, तह विसरले

इंदूरच्या भंवरकुआं भागात खोली घेऊन एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना ‘मोबाइल लांब ठेवा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझा घात मोबाइलने केला नाही, पुस्तकातल्याच एका ओळीने केला.

पहिल्या मेन्सआधी (मुख्य परीक्षेआधी) होळकर आणि इंग्रज यांच्यातला मंदसौरचा तह मी चार वेळा वाचला. होळकर ज्या लढाईत हरले ती महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. तिच्या आदल्या दिवशी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच सैन्यातल्यांनी मारून क्षिप्रेत टाकलं. दर वेळी अंगावर काटा यायचा. सराव परीक्षेत तहाचे परिणाम विचारले आणि मी पानभर क्षिप्राकाठ लिहिला. होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क सुटले, दरबारी इंग्रज रेसिडेंट आला, यातलं अक्षरही नाही.

यातली मेख समजून घ्या. वाचताना लक्ष लागलेलंच असतं, म्हणून संशय येत नाही. पण ते भलत्या ठिकाणी लागलेलं असतं. अशी ओळ नुसता वेळ खात नाही, ती पुढचं सगळं आपल्याकडे ओढते. खून डोक्यात बसला की ६ जानेवारी १८१८ चा तह त्या खुनाचं शेपूट होऊन जातो. हार्प आणि मेयर या संशोधकांनी १९९८ मध्ये आकाशातली वीज कशी तयार होते यावरच्या उताऱ्यात असे चटकदार तपशील घालून पाहिलं. वाचणाऱ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले, आणि ते मुद्दे ठळक केले तरी नुकसान टळलं नाही. तपशील शेवटी नेले तेव्हा मात्र कमी झालं. आणि मी तीन रंगांचे हायलायटर झिजवत होते!

किस्से सांगून वर्ग गाजवणाऱ्या सरांच्या नादी लागू नका, हे स्पष्टच सांगते. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सही नकोत. त्यात किस्से गाळलेले असतात, पण त्यांच्याबरोबर कारणंही. मला सावरलं ते रामबागेतल्या एका निवृत्त बाईंनी. पुस्तक मिटायला लावून त्या एवढंच विचारायच्या, “बाळा, या तहाने कोणाचं काय गेलं? आणि का?”

पहिले पंधरा दिवस मला दोन वाक्यांपुढे जाता येत नव्हतं. तुमचंही तसंच होईल, घाबरू नका. किस्सा आवडला तर तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. तुळसाबाई माझ्या वहीत आता तिथेच आहेत, आणि तहाची कलमं पहिल्या पानावर, माझ्या शब्दांत.